कुणीही विचारावे, काहीही विचारावे

प्रश्न विचारणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु प्रत्यक्षात कुणी भलताच प्रश्न विचारला की आपल्या कपाळाला आठी पडते. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा मुलगा ‘आदामाला बेंबी होती का?’ असे विचारतो आणि सारा वर्ग खदखदून हसतो. धर्मग्रामाच्या मेळाव्यात प्रश्नपेटी ठेवली की ती उघडणाऱ्यांपुढे पहिला पेच हाच असतो : कोणत्या चिठ्ठ्या व्यासपीठावर न्यायच्या आणि कोणत्या गुपचूप खिशात घालायच्या? वेळ थोडा, वक्ता पाहुणा, श्रोते जांभया देणारे. मग खुळे प्रश्न आधीच वेचून काढावेत, असे कुणालाही वाटावे. वरवर पाहता त्यात वावगे काहीच नाही.

हा पेच मात्र आजचा नाही. खुळ्या प्रश्नांचे करायचे काय, या विषयाने ख्रिस्तसभेतील मोठमोठ्या गुरूंना शतकानुशतके विचार करायला लावले आहे. त्यांनी निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली आणि त्या उत्तरांची बरीवाईट फळे इतिहासात नोंदली गेली. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ नव्या करारापासून करू या. संत पौलाने तिमथी व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत मूर्खपणाचे वाद टाळण्याची ताकीद आहे, कारण त्यांतून भांडणे निपजतात. चाळणी लावू इच्छिणाऱ्यांना हा भक्कम आधार वाटतो. परंतु त्याच नव्या करारात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत आहे आणि त्यांना प्रश्न विचारीत आहे. पुढे सदूकी त्याच्याकडे येतात आणि एकामागून एक सात भावांशी लग्न झालेल्या स्त्रीची गोष्ट रचून विचारतात की पुनरुत्थानानंतर ती कुणाची बायको? प्रश्न खुळा होता आणि हेतूही सरळ नव्हता. तरी प्रभूने उत्तर दिले, आणि पुनरुत्थानाविषयीची एक मोलाची शिकवण त्या खुळ्या प्रश्नाच्या निमित्ताने आपल्या हाती आली. ‘हे तू कोणत्या अधिकाराने करतोस?’ या मुख्य याजकांच्या प्रश्नाला त्याने उलट प्रश्न घातला. आणि हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा तो गप्प राहिला. उत्तर, प्रतिप्रश्न आणि मौन या तिन्ही वाटा शुभवर्तमानात आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तिन्ही प्रसंगी प्रश्न आधी ऐकून घेतला गेला. तो वाटेतच कुणी अडवला नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप होते. ‘कबुलीजबाब’ हा त्यांचा ग्रंथ इ.स. ३९७ ते ४०१ च्या सुमाराचा. त्याच्या अकराव्या भागात ते एक जुना टोमणा सांगतात. ‘आकाश व पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी देव काय करीत होता?’ असे विचारणाऱ्यास कुणी म्हणे उत्तर दिले होते की असल्या खोल गोष्टी उकरणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता. श्रोत्यांना हसवून प्रश्नकर्त्याला गार करणारे हे उत्तर. ऑगस्टीन ते देण्यास नकार देतात. विचारणाऱ्याची थट्टा करून टाळ्या मिळवण्यापेक्षा ठाऊक नसेल तेथे ठाऊक नाही असे म्हणणे बरे, अशी त्यांची भूमिका आहे. पण तेथेच न थांबता ते त्या प्रश्नाच्या मागे लागतात. ‘पूर्वी’ म्हणजे काय? काळ स्वतःच जर निर्मिलेला असेल तर निर्मितीच्या आधी ‘तेव्हा’ असे काही असू शकते काय? भूतकाळ उरलेला नाही, भविष्यकाळ आलेला नाही, मग आपण मोजतो ते काय? काळाविषयीचे हे चिंतन आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात अभ्यासले जाते. त्याचे मूळ ज्या प्रश्नात आहे तो आपल्या प्रश्नपेटीत पडला असता, तर व्यासपीठावर पोहोचला असता की नाही याची आम्हांस शंका आहे.

तथापि ऑगस्टीन प्रत्येक प्रश्नापुढे मान तुकवीत असत असे नाही. इ.स. ४१० च्या सुमारास दिओस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने त्यांच्याकडे सिसेरोच्या संवादांतील प्रश्नांची गठडीच पाठवली. आपण लवकरच समुद्रप्रवासाला निघणार, लोकांनी विचारले आणि आपल्याला सांगता आले नाही तर आपण अडाणी दिसू, म्हणून त्वरित उत्तरे पाठवावीत, अशी त्याची मागणी होती. ऑगस्टीननी त्याला चांगलेच फैलावर घेतले. बिशपाच्या मागे काय थोडी कामे असतात? आणि लोकांत शहाणे दिसण्याची हौस भागवणे हे त्याचे काम आहे काय? येथे एक बारकावा आहे. दिओस्कोरसचे प्रश्न मुळीच खुळे नव्हते; ते विद्वत्तेचे होते. निर्मितीपूर्वी देव काय करीत होता, हा प्रश्न त्यांच्या मानाने पोरकट. ऑगस्टीननी पोरकट वाटणारा प्रश्न उचलून धरला आणि विद्वत्तेचा झिडकारला, कारण एकामागे जाणून घेण्याची भूक होती आणि दुसऱ्यामागे मिरवण्याची. तरीही त्यांनी दिओस्कोरसला रिकाम्या हाताने परतवले नाही. नम्रतेवर आणि मानवाच्या परम कल्याणावर त्यांनी त्याला प्रदीर्घ पत्र लिहिले.

आता आपण तेराव्या शतकातील पॅरिसला जाऊ. तेथील विद्यापीठात १२३० नंतरच्या दशकांत एक आगळी प्रथा रूढ झाली. वर्षातून दोनदा, नाताळापूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, ईशज्ञानाचा एखादा आचार्य जाहीर सभा भरवीत असे. नेहमीच्या वादसभेत विषय आचार्य ठरवी. या सभेत मात्र विषय श्रोते ठरवीत. कुणीही विचारावे आणि कशाविषयीही विचारावे असा नियम होता, म्हणून लॅटिनमध्ये तिला ‘क्वोदलिबेत’, म्हणजे ‘वाटेल ते’, असे नाव पडले. सभेला विद्यार्थी येत, प्रतिस्पर्धी आचार्य येत, बाहेरगावचे पाहुणे येत. ही सभा भरवण्याची सक्ती आचार्यावर नव्हती, आणि पुष्कळ जण त्या वाटेला जातच नसत. कोण कोणत्या कोपऱ्यातून काय फेकील याचा नेम नसे.

सभेचे काम दोन बैठकांत चाले. पहिल्या बैठकीत प्रश्नांचा पाऊस पडे. आचार्याच्या हाताखालील पदवीधर प्राथमिक उत्तरे देई, आक्षेप निघत, खडाजंगी होई. मग काही दिवसांनी दुसरी बैठक भरे. मधल्या काळात आचार्य त्या वीसतीस प्रश्नांची विस्कटलेली रास घेऊन बसे, सारखे प्रश्न एकत्र करी, त्यांना क्रम लावी आणि दुसऱ्या बैठकीत आपला निर्णय सांगे. संत थॉमस अक्विनास यांच्या अशा सभांचे जे लेखन उपलब्ध आहे, त्यात देव, देवदूत, मनुष्य असा क्रम पुष्कळदा दिसतो. तो क्रम श्रोत्यांचा नव्हे, थॉमस यांचा. श्रोत्यांनी जे ओतले ते मिसळीसारखे होते. ताट वाढले ते आचार्यांनी.

थॉमस यांनी पॅरिसला दोनदा अध्यापन केले : प्रथम १२५६ ते १२५९ आणि पुन्हा १२६८ ते १२७२. या दोन्ही काळांतील मिळून त्यांच्या बारा क्वोदलिबेत सभांचे लेखन आज आपल्यापुढे आहे. त्यांतील प्रश्न वाचताना गंमत वाटते. देवाच्या ज्ञानाविषयीच्या गहन प्रश्नाशेजारी संन्याशाने मांस खाल्ले तर ते घोर पाप होते काय, असा प्रश्न आहे. क्रूसयुद्धाची शपथ घेतलेला मनुष्य तिकडे जाताना मेला तर अधिक चांगला, की परतताना मेला तर, असाही एक आहे. ऐकायला तो विनोदी वाटतो. पण ज्या बाईचा नवरा त्या वाटेवर गेला आणि परत आला नाही, तिला तो विनोदी वाटला असेल काय? दोन आचार्य परस्परविरुद्ध शिकवीत असताना आपल्या गुरूचे चुकीचे मत मानणाऱ्या विद्यार्थ्याला दोष लागतो काय, हा तर गुरूंनाच अडचणीत टाकणारा प्रश्न होता.

बाराव्या सभेत कुणीतरी विचारले : मद्य, राजा, स्त्री आणि सत्य यांत सर्वांत बलवान कोण? ही एका जुन्या गोष्टीतील पैज आहे. दारयावेश राजाच्या तीन पहारेकऱ्यांनी ती लावली, असे एज्राच्या नावावर असलेल्या, पण कॅथलिक बायबलच्या अधिकृत यादीबाहेर राहिलेल्या एका ग्रंथात सांगितले आहे. सणाच्या मोसमातील सभा, समोर तरुण विद्यार्थी आणि प्रश्नात मद्य व स्त्री. खसखस पिकली असणारच. थॉमस यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. या चार गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत, कारण त्यांची जातच वेगळी आहे, असे ते आधी दाखवतात. मग त्या कोणत्या एका बाबतीत तोलता येतील हे शोधतात : मनुष्याच्या अंतःकरणाला हलवण्याच्या. मद्य शरीराच्या बाजूने हलवते, भोगाचे आकर्षण इंद्रियांच्या बाजूने, राजाची आज्ञा कृतीच्या बाजूने आणि सत्य बुद्धीच्या बाजूने. शरीर इंद्रियांच्या अधीन, इंद्रिये बुद्धीच्या अधीन, म्हणून सत्य श्रेष्ठ. चार ओळींच्या उत्तरात मानवी स्वभावाची सारी रचना मांडून झाली. प्रश्न हसण्यावारी नेला असता तर हे उत्तर मिळाले नसते.

याच सभांपैकी एकीत थॉमस यांना विचारले गेले की आचार्याने निर्णय देताना आधारवचने द्यावीत की युक्तिवाद? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ आजच्या प्रत्येक धर्मशिक्षकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. काही वादांत गोष्ट खरी आहे की नाही एवढेच ठरवायचे असते. तेथे आधारवचन पुरते. पण शिकवायचे असेल तेव्हा ‘का’ आणि ‘कसे’ हेही दाखवावे लागते. नुसत्या अधिकाराच्या जोरावर गप्प केलेल्या शिष्याला गोष्ट खरी आहे एवढे कळते, पण समजत काहीच नाही. तो रिताच घरी जातो.

मग थॉमस यांना निरर्थक प्रश्न म्हणून काही मान्यच नव्हते काय? होते. ‘ईशज्ञानसार’ हा आपला महाग्रंथ त्यांनी १२६५ नंतर हाती घेतला आणि डिसेंबर १२७३ मध्ये अपुरा सोडला. त्याच्या प्रस्तावनेत ते स्पष्ट तक्रार करतात की निरुपयोगी प्रश्नांच्या व युक्तिवादांच्या गर्दीमुळे नवशिके गोंधळतात. त्या ग्रंथात त्यांनी ती गर्दी कठोरपणे छाटली. एकच मनुष्य भरसभेत वाटेल तो प्रश्न घेतो आणि पुस्तकात मात्र निवडून घेतो. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. पाठ्यपुस्तक ही पेरलेली वाफ्यांची जमीन असते. तेथे तण काढलेच पाहिजे. सभा ही गावची चावडी. तेथे आलेल्याला ‘तुझे काम क्षुल्लक आहे, परत जा’ असे दारातच सांगायचे नसते. दोन्ही जागा हव्यात, आणि एकीचा नियम दुसरीला लावू नये.

चाळणी लावण्याचे प्रयत्न त्याही काळी झाले. १२७२ मध्ये पॅरिसच्या कलाशाखेने आपल्या आचार्यांना केवळ ईशज्ञानाच्या कक्षेतील प्रश्नांचा निर्णय करण्यास मनाई केली. ७ मार्च १२७७ रोजी, म्हणजे थॉमस यांच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. ती शिकवणाऱ्यांनाच नव्हे, ऐकून स्वस्थ बसणाऱ्यांनाही दंड होता. त्यांतील काही विधाने थेट थॉमस यांच्या शिकवणीला भिडत होती. हेतू श्रद्धेच्या रक्षणाचा होता, याविषयी आम्हांस संशय नाही. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, त्यातली गत झाली.

आणि मग ती सोडवणूक कोठून सुरू झाली पाहा. १२९६ च्या सुमारास गॉडफ्री द फाँतेन या आचार्यांच्या क्वोदलिबेत सभेत प्रश्न निघाला : पूर्वाधिकाऱ्याने निषिद्ध ठरवलेल्या काही विधानांची दुरुस्ती करण्याचे टाळणारा पॅरिसचा बिशप पाप करतो काय? केवढे धाडस! विद्यमान बिशपांविषयी, त्यांच्याच शहरात, भरसभेत! त्या दिवशी दाराशी कुणी चाळणी घेऊन बसले असते तर हा प्रश्न आत आला असता काय? गॉडफ्रींनी तो घेतला आणि त्या बंदीमुळे विद्यार्थ्यांच्या ज्ञानाला कसा अडथळा होतो व थॉमस यांच्या उपयुक्त शिकवणीचे कसे नुकसान होते, ते सविस्तर मांडले. बदल लगेच झाला नाही. १३२३ मध्ये थॉमस यांना संतपद मिळाले, आणि १३२५ मध्ये तत्कालीन बिशपांनी ती बंदी थॉमस यांच्या शिकवणीपुरती मागे घेतली. ज्यांना आपण ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरवतो, त्यांच्या शिकवणीची बाजू बिशपांच्याच शहरात अशी उघडपणे मांडली गेली, ती कुणीही काहीही विचारू शकेल अशा एका सभेत.

प्रथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या या सभा ओसरल्या. वाद वाढत गेले, प्रश्न शब्दांच्या कसरतीत अडकू लागले. १४०२ मध्ये पॅरिस विद्यापीठाचे कुलगुरू जाँ जेर्सों यांनी विद्यार्थ्यांच्या पोकळ कुतूहलाविरुद्ध व्याख्याने दिली. १५११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मूर्खपणाची स्तुती’ या पुस्तकात इरास्मस यांनी, देव भोपळ्याचे रूप घेऊ शकला असता काय असले प्रश्न चघळणाऱ्या पंडितांची यथेच्छ टर उडवली. ही टीका पूर्णपणे अन्यायाची नव्हती. उत्तर देणाऱ्यालाच जेव्हा खुळ्या प्रश्नांची चटक लागते आणि साध्या माणसाच्या जिवाला लागलेले प्रश्न मागे पडतात, तेव्हा कुणीतरी थांबवावेच लागते.

परंतु थट्टेला सत्याची चाड नसते. सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात, यावर मध्ययुगीन पंडित वाद घालीत बसत, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मध्ययुगातील कोणत्याही आचार्याच्या ग्रंथात हा वाद सापडलेला नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, प्रॉटेस्टंट लेखकांच्या कॅथलिक पंडितांवरील टीकेत सुईच्या टोकावरचे देवदूत दिसू लागतात. विल्यम चिलिंगवर्थ यांच्या १६३८ च्या पुस्तकात ते आहेत. थॉमस यांनी विचारले होते ते एवढेच की अनेक देवदूत एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात काय? ज्याला शरीर नाही तो ‘अमुक ठिकाणी आहे’ म्हणजे नेमके काय, हा त्यातला गाभा. देवदूत आपल्या सामर्थ्याच्या कार्याने एखाद्या ठिकाणी असतो, आणि एकाच कार्याची दोन पूर्ण कारणे असू शकत नाहीत, म्हणून उत्तर नकारार्थी. प्रश्न अवघड होता, खुळा नव्हता. खुळा ठरवला तो न वाचणाऱ्यांनी. एखादा प्रश्न खुळा आहे असा निवाडा किती सहज देता येतो आणि तो किती काळ टिकतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता थोडे आपल्या अंगणात. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. शिकवण ऐकलेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्यासारखे काही आम्हांला का देत नाही? ही कवीने योजलेली चौकट असेल. तरी एक गोष्ट खरीच : आपल्या महाग्रंथाचे निमित्त म्हणून स्टीफन्स यांना श्रोत्याची मागणीच दाखवावीशी वाटली, आणि तीही काहीशी खोचक. याच स्टीफन्स यांची कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापली गेली. तीही प्रश्नोत्तररूप आहे, पण तेथील प्रश्न गुरूने ठरवलेले आहेत. पाठांतराला ती पद्धत उत्तम, आणि आपल्या कित्येक पिढ्यांची श्रद्धा तिने घट्ट केली. मात्र पाठ केलेल्या प्रश्नांनी शिष्याचे स्वतःचे प्रश्न संपत नाहीत. ते त्याच्या मनातच राहतात, आणि मग तो ते दुसरीकडे कुणाला तरी विचारतो.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? पौलाची ताकीद आम्ही डोळ्यांआड करीत नाही. ज्या प्रश्नाचा हेतू कुणाचा अपमान करणे किंवा दोन घरांत भांडण लावणे एवढाच आहे, तो बाजूला ठेवण्याचा अधिकार सभा चालवणाऱ्याला आहे. पण तो हेतू चिठ्ठीच्या अक्षरात क्वचित दिसतो. बहुधा तो बोलण्यातूनच उघड होतो. वेळेची अडचण खरी आहे. तिच्यावर पॅरिसच्या आचार्यांचा उपाय उपयोगी पडेल : आधी सर्व प्रश्न घ्यावेत, मग सारखे एकत्र करावेत, त्यांना क्रम लावावा, आणि लहान प्रश्नाला लहान उत्तर द्यावे. निवड करावी ती उत्तराच्या बैठकीत, दारात नव्हे. सूप आणि चाळणी यांतला भेद आपल्या घरच्या बायकांना चांगला ठाऊक आहे. सुपात सारे घेऊन मग पाखडायचे असते, आणि पाखडताना नजर धान्यावर ठेवायची असते.

आणखी एक गोष्ट चिंतेची आहे. जो चाळणी हाती घेतो, तो खुळे प्रश्न काढता काढता नकळत गैरसोयीचेही काढू लागतो. धर्मग्रामाच्या हिशेबाविषयीची चिठ्ठी, मिश्रविवाहाने दुरावलेल्या मुलीची चिठ्ठी, ‘माझे बाळ बाप्तिस्म्यापूर्वीच गेले, ते कुठे असेल?’ असे मोडक्यातोडक्या अक्षरात विचारणारी चिठ्ठी, या सर्व ‘वेळेअभावी’ एकाच खिशात जातात. त्यांच्यासोबत आदामाच्या बेंबीची चिठ्ठीही जाते. त्या शेवटच्या मुलाला खरे तर विचारायचे असते की पहिला मनुष्य आईविना कसा जन्मला, आणि शाळेत शिकवतात ते व चर्चमध्ये शिकवतात ते यांचा मेळ कसा घालायचा. एवढे मोठे वाक्य त्याला जमत नाही, म्हणून तो बेंबीपासून सुरुवात करतो. वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर तो पुढच्या रविवारी येईल, त्याच्या पुढच्याही येईल. पण हात वर करणार नाही.

येता उपवासकाळ हा प्रवचनमालांचा काळ. कुठल्या तरी एका संध्याकाळी आपल्या धर्मग्रामांत अशी एक सभा भरवून पाहावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. विषय जाहीर करू नये, पेटीला कुलूप लावू नये, चिठ्ठीवर नाव मागू नये. उत्तर देणाऱ्याने दोन दिवस मागून घ्यावेत आणि ठाऊक नसेल तेथे ऑगस्टीनप्रमाणे तसे सांगावे. खुळे प्रश्न येतीलच. ते मोठ्याने वाचले जावेत आणि त्यांना उत्तर मिळावे.